पाळणाघराचा वाजवी दर

सन २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात केंद्र सरकारने अंगणवाडीतील बालकाच्या पूरक आहाराचा दर दिवसाकाठी सहा रुपयांवरून आठ रुपयांवर नेला, तीव्र कुपोषित बालकासाठी तो नवावरून बारा रुपये केला, आणि त्यानंतर पुढे कित्येक वर्षे डाळीचे, तेलाचे, गॅसचे आणि भाजीपाल्याचे भाव जे चढत गेले ते चढत गेले, तरी हा आठाचा आकडा दप्तरात होता तसाच बसून राहिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या बालकाला दिवसाला पाचशे उष्मांक आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन शासनावर घातले. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि ठाणे जिल्ह्यातील आमच्या कुळगावच्या बाजारात ते एक अंडे घेतले की आठ रुपयांतले बहुतेक सारे रुपये संपतात. तेव्हा आहाराचे परिमाण कायद्याने बांधलेले आणि त्याची किंमत मात्र जुन्या हुकुमाने गोठलेली, अशा स्थितीत जी तूट पडते ती कोण भरून काढते, हे ज्याने अंगणवाडीच्या चुलीपाशी पाच मिनिटे उभे राहून पाहिले असेल त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ती तूट सेविका आपल्या पदरच्या पैशाने भरते, नाहीतर बालकाच्या ताटलीत ती उमटते.

हे उदाहरण आरंभी घेण्याचे कारण असे, की बालसंगोपनाच्या क्षेत्रात शासन आता आणखी एक दर ठरवू पाहत आहे. नोकरी-मजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालविण्याची ‘पाळणा’ योजना केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली २०२२ पासून आखली गेली, देशभरात अशी सतरा हजार केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट तिने समोर ठेवले, आणि महाराष्ट्रानेही ती राबविण्याचे ठरविले. योजना स्वागतार्ह आहे, आणि ती उशिरा आली म्हणून तिचे स्वागत कमी करण्याचे कारण नाही. परंतु पाळणाघराला सरकारी साहाय्य किती द्यायचे, हा आकडा कोणत्या रीतीने काढायचा याविषयी आपल्याकडे अद्याप विचारच झालेला नाही. खजिन्यात जे उरेल त्याला केंद्रांच्या संख्येने भागावे आणि येईल त्या भागाकाराला दर म्हणावे, हाच शिरस्ता चालत आला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की दराचा उगम खजिन्यात नसून खर्चात असला पाहिजे: त्या गावात, तितके तास, तितक्या वयाच्या मुलाला नीट सांभाळायला जो खरा खर्च येतो तो आधी काढावा, सांभाळणाऱ्या बाईचा मोबदला त्या हिशेबात पहिल्या ओळीवर मांडावा, आणि मग शासनाने किती सोसायचा व पालकांनी किती, याची वाटणी करावी.

या विषयावर ठाणे जिल्ह्यातील माणसाने बोलावे याला एक इतिहासही आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत नेले, आणि मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे हा विचार त्यांनी व अनुताई वाघ यांनी तिथे प्रत्यक्ष करून दाखविला. तो सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डी-कोसबाडच्या त्या प्रयोगातून देशाने नाव घेतले आणि कल्पनाही घेतली. पण ताराबाईंनी आपल्या शिक्षिकेकडे ज्या आदराने पाहिले आणि तिच्या तयारीवर जेवढे श्रम घेतले, तो आदर आणि ते श्रम योजनेबरोबर सर्वत्र पोचले नाहीत. अंगणवाडी सेविकेला केंद्राकडून मिळणारी रक्कम २०१८ च्या ऑक्टोबरात तीन हजारांवरून साडेचार हजार झाली. राज्याने आपला वाटा घालून २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन दहा हजार आणि मदतनिसाचे साडेपाच हजार केले, व २०२४ मध्ये त्यात आणखी भर घातली. मात्र यातील प्रत्येक वाढीच्या मागेपुढे संप आहे. २०१७ चा संप, २०२३ चे संप, आझाद मैदानातील ठिय्ये, हे सारे झाल्यावाचून आकडा हलला नाही. ज्या दराला स्वतःहून वाढण्याची कोणतीही तजवीज नसते, तो वाढविण्यासाठी लहान मुलांचे केंद्र बंद ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग त्या बायांना आपण ठेवलेला नाही, ही गोष्ट मला फार लाजिरवाणी वाटते.

आता कुळगावची स्थिती पाहावी. रेल्वेच्या पूर्वेला कुळगाव आणि पश्चिमेला जुने बदलापूर मिळून झालेली ही नगरपरिषद. २०११ च्या जनगणनेत येथे सुमारे पावणेदोन लाख माणसे होती, आणि त्यानंतर शेतावर आणि माळावर ज्या इमारती उभ्या राहिल्या त्या पाहता ती संख्या आज केवढी झाली असेल याची कल्पना कोणालाही येईल. ठाणे, मुलुंड, डोंबिवली येथे घर परवडत नाही म्हणून जी तरुण कुटुंबे पुढे सरकत सरकत येथे आली, त्यांत नवरा-बायको दोघांनी कमावणे ही चैन नसते, घराच्या कर्जाच्या हप्त्याची ती सक्ती असते. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटरचे आणि लोकलचा प्रवास दीड तासाहून अधिक. आठ तासांची नोकरी, अर्ध्या तासाचा डबा, जाण्यायेण्याचे साडेतीन-चार तास, शिवाय स्टेशनपासून घरापर्यंतची रिक्षा. अशा रीतीने सकाळी सातला घराबाहेर पडलेली आई संध्याकाळी साडेसातपूर्वी परत येणे कठीणच. अंगणवाडी तिच्या उपयोगाची नाही, कारण ती दुपारीच मिटते. केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने दिवसाचे साडेसात तास धरले होते; ते ज्या कार्यालयात ठरले असतील तिथून घर जवळ असलेल्या आईला ते पुरत असतील, पण कुळगावच्या आईला साडेसात तासांत आपल्या कामाच्या जागेवर पोचून अर्धा दिवस उरकण्यापलीकडे काही साधत नाही.

म्हणून हे गाव चालते ते कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा येथील घरगुती पाळणाघरांवर. त्यांतील बहुतेकांवर पाटी नसते, असलीच तर जिन्याच्या भिंतीला चिकटवलेला एक कागद असतो. तळमजल्यावरची एक मोठी खोली, तिच्यात एका कोपऱ्यात चटई आणि दुपटी, खिडकीच्या गजाला बांधलेले दोन झोके, दाराला मुलांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर लावलेली जास्तीची कडी, आणि ओट्यावर ओळीने ठेवलेले डबे, ज्यांच्या झाकणांवर मुलांची नावे चिकटपट्टीवर लिहिलेली असतात. सकाळी दारातच दोन वाक्ये होतात: ‘काकू, काल रात्रभर खोकत होती हो, पाणी कोमटच द्या, आणि दुपारी हे औषध,’ आणि काकू ते वहीत टिपून घेतात, कारण आठ मुलांच्या आठ औषधांचा हवाला नुसत्या स्मरणशक्तीवर ठेवता येत नाही हे त्या अनुभवाने शिकलेल्या असतात. त्या वहीत आणखीही एक रकाना असतो, मुलाला घरी नेल्याच्या वेळेचा. पावसाळ्यात हा रकाना पाहण्याजोगा असतो. कल्याणच्या पुढे रुळांवर पाणी आले, कुठे सिग्नल बिघडला, की आठ वाजतात, नऊ वाजतात, मूल काकूंच्या मांडीवर झोपी जाते, आणि त्या दोन तासांचा हिशेब ना आई विचारते ना काकू सांगतात. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदीने या गावाची काय अवस्था केली आणि चाकरमानी माणसे किती ठिकाणी अडकून पडली, हे ज्यांनी अनुभवले ते अजून विसरलेले नाहीत. त्या दिवशी जी मुले दुसऱ्याच्या घरी रात्रभर सुरक्षित राहिली ती कोणत्याही योजनेमुळे राहिली नव्हती.

या काकूंना शासनाच्या लेखी अस्तित्व नाही. त्यांची नोंदणी नाही, प्रशिक्षण नाही, अनुदान तर नाहीच. त्यांचा दर शेजारच्या इमारतीतील दुसऱ्या काकूंच्या दरावरून आणि समोर उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावरून ठरतो, आणि समोरची आई स्वतःच बारा-पंधरा हजारांवर दुकानात किंवा दवाखान्यात उभी राहणारी असली तर काकूंच्या तोंडून जास्त आकडा निघत नाही. परिणामी, एका गरीब बाईच्या कमाईला दुसऱ्या गरीब बाईने आपल्या श्रमांतून साहाय्य द्यायचे, असा हा व्यवहार आहे. शासनाने देण्याचे अनुदान प्रत्यक्षात पाळणाघरवाली बाई देत आली आहे, आणि तेही वर्षानुवर्षे.

खरा खर्च कसा काढावा हे दाखविण्यासाठी एक हिशेब मांडतो. त्यातील आकडे कोणत्याही सर्वेक्षणातले नाहीत, मी गृहीत धरलेले आहेत. ज्याला ते कमी-अधिक वाटतील त्याने आपले घालून पाहावेत, माझा आग्रह आकड्यांचा नसून रीतीचा आहे. समजा दहा मुले आहेत, त्यांतली निम्मी तीन वर्षांच्या आतली. दोन बायका सांभाळायला आहेत आणि प्रत्येकीला महिना बारा हजार द्यायचे, म्हणजे चोवीस हजार. जागेचे भाडे आठ हजार, मग जागा काकूंची स्वतःची असली तरी. कारण ती खोली त्यांनी भाड्याने दिली असती तर ते पैसे त्यांना मिळालेच असते. वीज, पाणी, गॅस, साबण, फिनेल यांचे तीन हजार. आहार दर मुलामागे दिवसाला चाळीस रुपयांचा, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे दहा हजार चारशे. खेळणी, पुस्तके, औषधपेटी, दुरुस्ती यांचे सोळाशे. बेरीज सत्तेचाळीस हजार, दर मुलामागे चार हजार सातशे. आता सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात असे बारा तास आणि सव्वीस दिवस धरले तर महिन्याचे तीनशे बारा तास होतात, आणि एका मुलाला एक तास सांभाळण्याची किंमत येते पंधरा रुपये.

पण या हिशेबात एक अन्याय लपला आहे, आणि तो बहुतेक सरकारी हिशेबांत लपलेला असतो. दोन्ही बायका रोज बारा तास राबतील असे आपण मुकाट्याने धरून चाललो. कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांचा दिवस मिळावा म्हणून या मुंबई इलाख्यात पिढ्यांनी झगडा केला. मुलांना सांभाळणे हे मात्र बायकांच्या अंगचेच काम, तेव्हा त्याला तासांची मोजदाद कशाला, ही समजूत आपल्या हाडीमांसी इतकी मुरली आहे की हिशेब मांडतानाही ती नजरेतून सुटते. बारा तास मुलांजवळ दोन बायका हव्यात आणि कोणीही आठ तासांहून अधिक राबू नये असे म्हटले, की पाळी धरून तीन बायका लागतात. बारा हजार वाढले, एकूण एकोणसाठ हजार झाले, मुलामागे पाच हजार नऊशे. तासाला एकोणीस रुपये. दहांतली दोन मुले मध्येच गेली, वडिलांची बदली झाली किंवा गावाहून आजी आली, तर भाडे घटत नाही, पगार घटत नाहीत, फक्त आहाराचे दोन हजार ऐंशी रुपये वाचतात, आणि उरलेल्या आठांवर प्रत्येकी सात हजारांहून अधिक भार येतो. यासाठीच साहाय्य हजेरीवर मोजू नये, पटावर मोजावे. मूल चार दिवस तापाने घरी राहिले म्हणून काकूंचे चार दिवसांचे भाडे घरमालक माफ करीत नाही.

या हिशेबाशेजारी सरकारी आकडे ठेवून पाहावेत. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरातील सेविकेला साडेपाच हजार आणि मदतनिसाला तीन हजार अशी तरतूद ‘पाळणा’ योजनेत आहे. दोघींचे मिळून साडेआठ हजार. जुन्या राष्ट्रीय योजनेत पंचवीस मुलांचे पाळणाघर तीन हजार आणि दीड हजार यांवर चालवायचे होते, आणि पालकांकडून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास महिना वीस रुपये, बारा हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास शंभर आणि त्यावरच्यास दोनशे रुपये घ्यायचे होते; शिवाय खर्चाचा दहावा हिस्सा चालक संस्थेने कुठून तरी उभा करायचा. पालकांवर बोजा न टाकण्याचा हेतू उत्तम होता. परंतु पालकाकडून घ्यायचे नाही आणि खजिन्यातूनही पुरेसे द्यायचे नाही, असे दोन्हीकडून केल्यावर मधली बाई चेपली जाते, आणि ती चेपली गेली की पाळणाघर बंद पडते किंवा नुसते कागदावर उरते.

जागेच्या भाड्याची गोष्ट कुळगावकरांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. अंगणवाडीच्या भाड्यासाठी केंद्राने ग्रामीण भागास दोन हजार, शहरास चार हजार आणि महानगरास सहा हजार अशी वर्गवारी केली आहे. आता कुळगावाला कोणत्या वर्गात बसवायचे? नगरपरिषद म्हणून पाहिले तर ते साधे शहर ठरते. परंतु जनगणनेने अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर यांना बृहन्मुंबई नागरी समूहात गणले आहे आणि केंद्रीय नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडताना हा समूहच सर्वांत वरच्या वर्गात धरला जातो. कारकुनाचे घर ज्या गावात महानगराच्या भाड्याचे मानले जाते, त्याच गावात त्याच्या मुलाला सांभाळणारी खोली स्वस्तात मिळेल असे मानण्यास काही आधार नाही. वर्ग नगरपरिषदेच्या दर्जावरून न ठरविता भाड्याच्या चालू पातळीवरून ठरवावा, एवढी एक दुरुस्ती झाली तरी या पट्ट्यातील केंद्रांना स्वच्छतागृह असलेली, उजेडाची खोली मिळण्याची शक्यता वाढेल.

आणि दर एकदा वाजवी ठरला तरी तो वाजवी राहावा कसा? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको, ते महाराष्ट्राच्या कामगार खात्यात आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली आपल्याकडे उद्योगवार वेतन ठरत आले, महानगरपालिका, नगरपरिषद आणि इतर भाग अशी परिमंडळे पाडली गेली, आणि ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, आपोआप बदलत आला. त्यासाठी कोणाला आझाद मैदानावर बसावे लागले नाही. हॉटेलातल्या आणि छापखान्यातल्या कामगारासाठी जी रीत इतकी वर्षे चालली, ती पाळणाघराच्या दरासाठी का चालू नये? किमान वेतनाचा आकडा हाच सांभाळणाऱ्या बाईच्या मोबदल्याचा पाया धरावा, तो हलेल तसा दर हलावा, आणि आहाराचा भाग अन्नधान्याच्या निर्देशांकाशी बांधावा. असे झाले असते तर २०१७ चे आठ रुपये इतकी वर्षे आठच राहिले नसते.

परदेशांतील अनुभवही येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत संघराज्याच्या पैशातून गरीब पालकांच्या बालसंगोपनाला साहाय्य मिळते आणि दर ठरविण्याआधी प्रत्येक राज्याने ठरावीक काळाने बाजारभावाची पाहणी करावी असा दंडक आहे. शंभर जागांपैकी पंचाहत्तर जागा साहाय्य घेणाऱ्या पालकाच्या आवाक्यात याव्यात, ही त्यांची मान्य कसोटी. वरवर ती रास्त वाटते. पण जिथे पालकच गरीब तिथे बाजारभाव मुळातच पडलेला असतो, आणि पडलेल्या भावाची पाहणी करून काढलेला दर ती पडझड कायम करतो, हे तेथील लोकांच्याही ध्यानात आले. म्हणून न्यू मेक्सिको राज्याने २०२१ मध्ये बाजारभाव बाजूला ठेवून चांगल्या संगोपनाच्या प्रत्यक्ष खर्चावरून दर बांधला. कुळगावात बाजारभावाची पाहणी केली तर हेच घडेल: काकूंनी संकोचाने सांगितलेले आकडे गोळा होतील, त्यांची सरासरी निघेल, आणि त्यांच्या संकोचाला सरकारी शिक्का मिळेल.

दुसरा धडा घरचाच आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या आणि त्या मुलांचा खर्च शासन प्रतिपूर्ती म्हणून देईल असे ठरविले. महाराष्ट्रात तो दर वर्षाला १७,६७० रुपये असा कैक वर्षे राहिला. करोनाच्या काळात तो आठ हजारांवर आणला गेला. आणि थकबाकीची तक्रार तर दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात वर्तमानपत्रांतून वाचावी लागते. मोठ्या शाळेला वर्ष-दोन वर्षांची थकबाकी सोसता येते, निदान न्यायालयात तरी जाता येते. दहा मुलांच्या पाळणाघराला दोन महिन्यांचीही सोसत नाही. किराणावाला उधारी थांबवतो, मदतनीस दुसरे काम धरते, आणि सहा महिन्यांनी रक्कम मंजूर होऊन येते तेव्हा ती घ्यायला पाळणाघर उरलेले नसते. ‘लाडकी बहीण’ योजनेत कोट्यवधी स्त्रियांच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये थेट जमा करण्याची यंत्रणा शासनाने २०२४ च्या पावसाळ्यात काही आठवड्यांत उभी केली. तेव्हा पैसे वेळेवर पोचविणे शक्य नाही असे आता कोणी म्हणू शकत नाही.

या गावाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये जे भोगले त्याचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होत नाही. एका शाळेतील अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले. कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. त्यानंतर शाळांतून कॅमेरे बसविण्याचे आदेश निघाले, समित्या नेमल्या गेल्या. ते आवश्यक होते. परंतु कॅमेरा हा एकदाचा खर्च आहे आणि झालेले दाखविणे हेच त्याचे मुख्य काम; लहान मूल शौचाला जाताना त्याच्या सोबत विश्वासाची बाई असणे, खोलीत कोणीही मोठे माणूस मुलांबरोबर एकटे नसणे, यासाठी दुसऱ्या बाईचा दरमहा पगार लागतो आणि तो कोणत्याही आदेशात लिहिलेला नसतो. कारखाने आणि कार्यालये यांतील पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. हे प्रमाण पाळायचे तर त्याचा खर्च दरात आला पाहिजे. सुरक्षिततेच्या अपेक्षा वाढवायच्या आणि दर तेवढाच ठेवायचा, याने पाळणाघरे सुरक्षित होत नाहीत, ती नोंदणीपासून दूर पळतात आणि आणखी अंधारात जातात.

आक्षेप येतील हे मी जाणतो. आईने घरी राहावे, आजीने सांभाळावे, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही, असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. आजी असेल तर तिच्याइतके चांगले काहीच नाही. पण पाचशे चौरस फुटांच्या घरात आजी राहील कुठे, आणि गावाकडची शेती, गुरे, आजोबा यांना सोडून ती येईल कशी, याचा विचार त्या सल्ल्यात नसतो. खजिन्यावर भार पडेल हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर माझे उत्तर असे, की सर्वांना सारखे द्यावे असे कोणीच म्हणत नाही. खर्च सर्वांचा सारखा मोजावा आणि वाटणी उत्पन्नाप्रमाणे करावी. ज्या घरात दोन चांगले पगार आहेत त्याने पुरा दर द्यावा, ज्या आईला दिवसाची मजुरी मिळते तिच्या वाट्याचे बव्हंशी शासनाने द्यावे. शिवाय नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी हिस्सा राखलेला असतो आणि तो शिवणयंत्रे व शिबिरे यांवर किती आणि पाळणाघरांवर किती खर्ची पडतो, हे नगरसेवकांनी आपल्या मतदारांना सांगायला हरकत नसावी. खोटी नावे लावून पैसे उचलले जातील, ही भीती खरी आहे. तिचा बंदोबस्त तपासणीने होतो, दर कमी ठेवून होत नाही, कारण तुटपुंजा दर प्रामाणिक माणसाला आधी हुसकावून लावतो.

उल्हासनगरचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे जीन्सच्या कारखान्यांतून घरी आणलेल्या कपड्यांचे धागे कापीत बसणारी बाई लोकल पकडत नाही. तिचे मूल तिच्या समोरच असते, कात्री आणि कापडाच्या धुळीत. तिला बारा तासांचे पाळणाघर नको, गल्लीतच चार-पाच तासांचे हवे. तेव्हा दर महिन्याचा एकच न ठेवता तासांच्या टप्प्यांनी ठेवावा, म्हणजे बदलापूरची चाकरमानी आई आणि उल्हासनगरची नगावर काम करणारी आई दोघींची सोय एकाच नियमात होईल. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील पाळीच्या कामासाठी रात्रीचा टप्पा लागेल, आणि त्याचा दर अर्थातच चढा असेल.

आरंभ लहान केला तरी चालेल. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकापूर्वी गावातील घरगुती पाळणाघरांची ऐच्छिक नोंदणी करावी, नोंदणीसाठी दंडाची भाषा वापरू नये, आणि नोंद करणाऱ्या प्रत्येकीला प्रथमोपचाराचे व बालसंगोपनाचे प्रशिक्षण मोफत द्यावे. त्यांतल्या तीस-चाळीस जणींना बसवून त्यांच्या वह्यांवरून खर्चाचा तक्ता तयार करावा. त्या समितीत लेखाधिकारी असावा, मुख्यसेविका असावी, पालक असावेत, पण बहुमत पाळणाघर चालविणाऱ्या बायांचे असावे. त्या तक्त्यावरून निघालेला दर नगरपरिषदेने जाहीर करावा आणि राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे ‘पाळणा’ योजनेतील आकडे दुरुस्त करण्याच्या मागणीसह धाडावा. रक्कम महिन्याच्या पाच तारखेला, काम होण्यापूर्वी, पटावरील मुलांच्या संख्येप्रमाणे थेट त्या बाईच्या खात्यात जमा व्हावी. आणि दहा तारखेपर्यंत ती आली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाचे व्याज तिला मागणी न करता मिळावे, अशी तरतूद ठरावातच असावी.